'टोकियो ड्रीमिंग' मुलीला द्यावं का? दुसऱ्या भागात जमलेलं आणि निसटलेलं

तुमचा प्रश्न असा की पंधरा वर्षांच्या लेकीने 'टोकियो एव्हर आफ्टर' दोनदा वाचून काढलंय, आता तिला त्याचा दुसरा भाग म्हणजे 'टोकियो ड्रीमिंग' हवाय, पण ज्याला विचारावं तो म्हणतो दुसऱ्यात मजा नाही. आणि तुम्ही स्वतःही कुमारवयीन मुलांसाठी लिहायला घेतलंय, तर त्यातून शिकण्यासारखं काय आहे. मी गेली अठरा वर्षं कुमार-साहित्याचं संपादन करतेय, मुलींचा एक वाचनकट्टाही चालवते, आणि हे पुस्तक त्या कट्ट्यावर आम्ही एकत्र वाचलंय, म्हणून जरा लांबलचक उत्तर देते. पुस्तकाचा शेवट सांगणार नाही, काळजी करू नका.

आधी थोडक्यात गोष्ट, म्हणजे ज्यांनी वाचलं नाही त्यांनाही कळेल. एमिको जीन या लेखिकेची ही दोन पुस्तकं, पहिलं 2021 मध्ये आलं आणि दुसरं 2022 मध्ये. इझुमी तनाका ही उत्तर कॅलिफोर्नियातल्या माउंट शास्ता नावाच्या छोट्या गावात एकट्या आईसोबत वाढलेली जपानी-अमेरिकन मुलगी. आईच्या एका जुन्या पुस्तकात कोणीतरी लिहिलेल्या ओळी सापडतात, त्यावरून बापाचा माग लागतो, आणि बाप निघतो चक्क जपानचा युवराज. मग ती टोकियोला जाते, राजघराण्यातल्या जुळ्या चुलत बहिणी तिला छळतात, टॅब्लॉइडवाले, म्हणजे चटपटीत बातम्या छापणारी वर्तमानपत्रं, मागे लागतात, बॉडीगार्ड आकिओवर जीव जडतो, आणि शेवटी ती त्या घरात स्वतःची जागा करून घेते. पहिला भाग इथे संपतो.

ही गोष्ट आपल्याला परकी वाटतच नाही आणि त्याचं कारण उघड आहे, आपण शकुंतलेची गोष्ट ऐकत मोठे झालोय. राजा, एकटी आई, बापाविना वाढलेलं लेकरू, ओळखीची खूण आणि शेवटी स्वीकार. तिथे अंगठी होती, इथे पुस्तकातल्या ओळी आहेत. पण शकुंतलेचं नाटक दुष्यंताने ओळखलं की संपतं. नंतर हस्तिनापुरात त्या आश्रमातल्या बाईचं कसं झालं, राजवाड्यातल्या बायका तिच्याशी कशा वागल्या, आश्रमाची आठवण आली की ती काय करायची, हे आपल्याला कोणी सांगत नाही. 'टोकियो ड्रीमिंग' बरोबर तिथून सुरू होतं, आणि मला हे पुस्तक आवडतं ते सगळ्यात आधी याचसाठी. सापडल्यावर पुढे काय, हा प्रश्न लेखिकेने घेतलाय आणि तो अवघड आहे.

दुसऱ्या भागाची मुख्य अडचण कुठल्याही राजघराण्याच्या प्रेमकथेत एकच असते. पहिल्या भागात नवलाई फुकट मिळते. साधी मुलगी पहिल्यांदा राजवाड्यात शिरते, पहिल्यांदा मोठ्या मेजवानीला बसते, कुठे वाकायचं किती वाकायचं ते चुकते, नवे कपडे, नोकरचाकर, फोटोवाले, आणि वाचणारी पोरगी तिच्या डोळ्यांनी हे सगळं बघत असते म्हणून पानं आपोआप उलटतात. दुसऱ्या भागात हे भांडवल संपलेलं असतं. नायिकेला आता काटे-चमचे कळतात. म्हणजे लेखकाला एकतर नवीन संकट बाहेरून आणावं लागतं किंवा आतलंच काहीतरी उकरावं लागतं, आणि बहुतेक लेखक बाहेरून आणतात, शत्रू, कट, हरवलेला वारस वगैरे. इथे लेखिकेने आतलं उकरलंय. इझुमीचे आई-बाप पुन्हा प्रेमात पडलेत, लग्न ठरलंय, सगळं छान चाललंय आणि इम्पिरियल हाउसहोल्ड काउन्सिल, म्हणजे राजघराण्याची परिषद, लग्नाला मंजुरी देत नाही. आईच्या आणि मुलीच्या कुळाबद्दल शंका काढते. मग इझुमी ठरवते की आपण इतकी आदर्श राजकन्या व्हायचं की परिषदेला नाही म्हणताच येऊ नये.

इथे जरा थांबते कारण ही परिषद लेखिकेच्या डोक्यातून आलेली नाही आणि हे मुलीला माहीत असलं तर पुस्तक दुप्पट चांगलं लागतं. जपानमध्ये राजघराण्याचा कायदा आहे, 1947 सालचा, युद्धानंतर नव्या राज्यघटनेसोबत आलेला. त्याप्रमाणे राजघराण्यातल्या पुरुषाचं लग्न परिषदेने मंजूर करावं लागतं. दहा जण असतात त्या परिषदेत: राजघराण्यातले दोन, पंतप्रधान, संसदेच्या दोन्ही सभागृहांचे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष, राजघराण्याचा कारभार बघणाऱ्या संस्थेचे प्रमुख, सरन्यायाधीश आणि सुप्रीम कोर्टाचे अजून एक न्यायाधीश. सम्राट त्यात नसतोच. विचार करा, दोन माणसांनी लग्न करायचं की नाही यावर पंतप्रधान आणि सरन्यायाधीश टेबलाभोवती बसतात. 1958 मध्ये तेव्हाचे युवराज अकिहितो आणि मिचिको शोदा यांच्या लग्नाला याच परिषदेने होकार दिला होता, ते दोघं त्याच्या आदल्या वर्षी कारुइझावाच्या टेनिस कोर्टवर भेटले होते आणि मिचिको या राजघराण्याबाहेरच्या, सामान्य घरातून युवराज्ञी झालेल्या पहिल्याच. लग्न झालं एप्रिल 1959 मध्ये. पुढे 1993 मध्ये मासाको, हार्वर्डला शिकलेल्या, परराष्ट्र खात्यात नोकरी करणाऱ्या, तेव्हाचे युवराज नारुहितो यांच्याशी लग्न करून या घरात आल्या आणि 2004 मध्ये जाहीर करावं लागलं की त्यांना अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डर आहे, म्हणजे जुळवून घेण्याच्या ताणातून आलेला मानसिक त्रास.

हे सगळं कादंबरीच्या मागे उभं आहे. म्हणून हानाको, म्हणजे इझुमीची आई, जेव्हा या घरात यायला निघते तेव्हा ज्याला हा इतिहास माहीत आहे त्याच्या पोटात गोळा येतो. वनस्पतिशास्त्र शिकवणारी, स्वतःच्या पायावर उभी असलेली, अठरा वर्षं कोणाचा आधार न घेता पोर वाढवलेली बाई, आणि तिच्या कुळाची चौकशी चाललीय. तिला काहीही मिळवायचं नाहीये, तिच्याकडे आयुष्य आहे, झाडं आहेत, गाव आहे, तरी ती यायला तयार होते कारण तिचं त्या माणसावर प्रेम आहे. माझं स्पष्ट मत सांगते, या पुस्तकातली खरी प्रेमकथा आईची आहे. आणि पुस्तकाचं बळही तिथेच आहे आणि दुबळेपणाही तिथूनच सुरू होतो, कारण यंग अ‍ॅडल्ट, म्हणजे कुमारवयीनांसाठीची कादंबरी म्हटलं की मध्यभागी मुलगी हवी, मुलीच्या मध्यभागी मुलगा हवा, आणि आईला खिडकीशी उभं राहावं लागतं.

आता मुलीच्या प्रेमाकडे येऊ. आकिओ, पहिल्या भागातला बॉडीगार्ड, आता बॉयफ्रेंड झालेला. पहिल्या भागात त्यांचं जमतं कसं ते इतकं नीट लिहिलंय, आधी खटके, मग कविता, ती जपानी छोट्या ओळींची कविता ते एकमेकांना लिहितात, की वाचणाऱ्या मुली त्याच्यावर जीव टाकतात. दुसऱ्या भागात लवकरच तो त्यांच्या नात्याबद्दल एक निर्णय घेतो आणि इझुमीला धक्का बसतो. मग येतो एरिकू, तिचा ट्यूटर, हसरा, बड्या घरचा, आणि परिषदेला चालेल असा. म्हणजे ट्रँगल.

माझी तक्रार ट्रँगलबद्दल नाही. त्रिकोण चांगला असू शकतो, जर तिन्ही टोकांना काहीतरी पणाला लागलेलं असेल. माझी तक्रार अशी की आकिओचा निर्णय आकिओ घेतो आणि इझुमी तो ऐकते. संकट बाहेर आहे, परिषद आहे, कायदा आहे, टॅब्लॉइडवाले आहेत, एवढं सगळं भक्कम मांडून झाल्यावर प्रेमकथेतला अडथळा मात्र पोराच्या मनातून काढलाय, आणि तो त्या परिषदेपुढे फार छोटा दिसतो. कट्ट्यावर एका मुलीने हे माझ्यापेक्षा सोप्या शब्दांत सांगितलं, ती म्हणाली मावशी, आकिओ या पुस्तकात जायला हवा म्हणून जातो, गोष्टीला जागा हवी म्हणून. मी त्यावर बराच वेळ काही बोलले नाही कारण तिने अगदी बरोबर पकडलं होतं.

आणि एरिकू. तो छान आहे, खरंच छान आहे, त्याच्या प्रसंगांत पुस्तक हलकं होतं, आणि इझुमी त्याच्यासोबत असताना तिचा तो जुना बडबडा आवाज परत येतो. पण तो इतका सोयीचा आहे की वाचणाऱ्याला पहिल्यापासून कळतं हा कशासाठी आलाय. मला हे बोलायचा पूर्ण अधिकार नाही हेही सांगते, कारण बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका लेखिकेला तिच्या दुसऱ्या भागात मधली पन्नास पानं सैल पडतायत म्हणून दुसरा मुलगा घालायला सुचवलं होतं. तिने घातला. पुस्तक वेगात वाचलं गेलं आणि त्यातली नायिका मात्र माझ्या सूचनेमुळे कमी झाली, कारण तिचे जे प्रश्न होते ते सगळे याचा की त्याचा या एका प्रश्नात गेले. ते पुस्तक कपाटात दिसलं की मला अजून वाईट वाटतं. म्हणून तुम्ही लिहिताय तर हे आधी सांगते, मधली पानं सैल पडली तर नायिकेला अजून एक मुलगा देऊ नका, तिला अजून एक काम द्या जे तिला जमत नाहीये.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, जी मला दुसऱ्यांदा वाचताना दिसली आणि मग डोक्यातून गेलीच नाही. तो 1947 चा कायदा अजून एक गोष्ट सांगतो. राजघराण्यातल्या मुलीने बाहेरच्या, म्हणजे सामान्य माणसाशी लग्न केलं तर ती राजघराण्यातून बाहेर पडते. पदवी जाते, घर सुटतं. तिच्या लग्नाला परिषदेची मंजुरी वगैरे लागत नाही, ती सरळ बाहेरच जाते. आणि हा कागदावरचा नियम नाही, ऑक्टोबर 2021 मध्ये, म्हणजे हे पुस्तक यायच्या काही महिने आधी, सम्राटांची पुतणी राजकन्या माको हिने कॉलेजमधल्या मित्राशी लग्न केलं, चार वर्षं वर्तमानपत्रांचा मारा सोसून, कुठलाही पारंपरिक सोहळा न करता नुसती नोंदणी, बाहेर पडताना मिळणारी जवळपास 14 कोटी येनची रक्कमही नाकारली, आणि त्याच महिन्यात जाहीर झालं होतं की तिला त्या सगळ्या टीकेमुळे मानसिक आघाताचा आजार झालाय. मग ती नवऱ्यासोबत न्यूयॉर्कला गेली.

आता हे इझुमीच्या घरात आणून ठेवा. आई लग्न करून ज्या दारातून आत येणार, मुलगी लग्न करून त्याच दारातून बाहेर जाणार. आईच्या लग्नासाठी मुलीने आदर्श राजकन्या व्हायचं, आणि ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याशी लग्न केलं तर ती राजकन्याच राहणार नाही. अठरा वर्षं बापाचं घर माहीत नव्हतं. आता कुठे सापडलंय. आणि जपानी राजघराण्यात मुलीचं सासरी जाणं म्हणजे माहेर कायद्याने सुटणं. आपल्याकडच्या कुठल्याही बाईला यातलं दुःख समजावून सांगावं लागणार नाही, आपल्या ओव्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत. जात्यावर बसून माहेर आठवणाऱ्या बायकांच्या भाषेत आपण वाढलोय. इझुमीला माहेर मिळून जेमतेम वर्ष होतंय.

हे पुस्तकाच्या मध्यभागी असायला हवं होतं असं मला फार वाटतं. बॉयफ्रेंड सोडून जातो यापेक्षा हा पेच शंभर पटीने मोठा आहे, आणि तो आयता पडलेला होता, काहीच बाहेरून आणावं लागलं नसतं. आकिओ की एरिकू असा प्रश्न न राहता घर की माणूस असा झाला असता, आणि दोघांपैकी कोणीही आला तरी घर जाणारच हे कळल्यावर मग एरिकू परिषदेला चालतो की नाही याला किती अर्थ उरला असता? कादंबरी इथे कायद्याशी थोडी सैल वागते. खरं तर पायाच सैल आहे, कारण त्याच कायद्याप्रमाणे राजकन्या ही पदवी विवाहातून जन्मलेल्या मुलीलाच मिळते, म्हणजे इझुमीसारखी, आईबापांचं लग्न न झालेली मुलगी खऱ्या जपानमध्ये राजकन्या झालीच नसती. पहिल्या भागात मला याचं काही वाटलं नाही, परीकथेला एवढी सूट द्यावीच लागते. पण दुसऱ्या भागात तुम्ही परिषद, मंजुरी, कूळ असे खरे शब्द वापरायला लागलात की वाचणारा खरे नियम शोधतो. लिहिणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचं आहे: पहिल्या भागात घेतलेली सूट दुसऱ्या भागात व्याजासकट फेडावी लागते.

बाकी जमलेल्या गोष्टी बऱ्याच आहेत, त्या पटापट सांगते. जुळ्या बहिणी, आकिको आणि नोरिको, पहिल्या भागात नुसत्या खलनायिका होत्या, इथे त्यांना माणूस केलंय आणि ते कुठेही गोडगोड न करता केलंय, मला त्यांचे प्रसंग कधीकधी आकिओच्या प्रसंगांपेक्षा जास्त आवडले. टॅब्लॉइडच्या बातम्यांचे तुकडे मधेमधे टाकायची युक्ती इथेही आहे आणि इथे ती जास्त बोचते, कारण आता ते टॅब्लॉइडवाले नवख्या मुलीची गंमत करत नाहीयेत, ते परिषदेला कारणं पुरवतायत. तामागोत्ची नावाचा घाण वास मारणारा कुत्रा आहेच. आणि इझुमीचा आवाज, प्रथमपुरुषी, वर्तमानकाळात, तोंडाला येईल ते बोलणारी, हा आवाज दुसऱ्या भागात मुद्दाम थोडा दाबलाय असं मला वाटलं. ती शहाण्यासारखं वागायला लागते तसं तिचं बोलणंही गुळगुळीत होतं. पुष्कळ वाचकांना दुसऱ्यात मजा नाही असं वाटतं त्याचं एक मोठं कारण हेच असणार. पण ते बरोबरच आहे ना, सगळ्यांना आवडायचं ठरवलेली मुलगी आधी विनोद गमावते. तुमच्या लेकीला हे जाणवेल की नाही माहीत नाही, पण कट्ट्यावरच्या दोघी-तिघींना जाणवलं, त्यातल्या एकीने तर सांगितलं की मी पण आत्याकडे गेले की अशीच होते.

अमेरिकेत वाढलेल्या मराठी मुलींना हे पुस्तक अजून वेगळं लागतं. माझी भाची तिकडेच वाढलीय, तिने मला पहिल्या भागातली एक गोष्ट सांगितली होती, की इझुमीला शाळेत जपानी म्हणतात आणि जपानमध्ये अमेरिकन म्हणतात हे वाचून तिला रडू आलं, कारण पुण्यात आली की तिच्या मराठीवर सगळे प्रेमाने हसतात आणि तिकडे तिच्या नावावर. दुसऱ्या भागात ती धार जराशी कमी होते, कूळ हा शब्द येतो पण तो परिषदेच्या तोंडी येतो, इझुमीच्या रोजच्या जगण्यात तेवढा खोल उतरत नाही. हानाकोचं तनाका हे आडनाव घ्या. राजघराण्याला आडनावच नसतं, म्हणजे लग्न झाल्यावर हानाको तनाका ही बाई नुसती हानाको उरणार. पिढ्यान्‌पिढ्या अमेरिकेत जपून ठेवलेलं एक जपानी आडनाव जपानच्याच राजवाड्यात जाऊन संपणार. मला यावर आई आणि मुलगी रात्री स्वयंपाकघरात बसून बोलतायत असा एक अख्खा प्रसंग हवा होता. तुमच्यासारख्या लिहिणाऱ्या बाईने असा प्रसंग शोधायला शिकावं, जिथे कायद्याची एक कोरडी ओळ माणसाच्या घशात अडकते.

वयाबद्दल विचारलं होतंत, तर पंधराला काहीच हरकत नाही, प्रेमाचे प्रसंग मर्यादेत आहेत. भाषा सोपी आहे. फक्त दुसरा भाग पहिल्याशिवाय वाचू नये, पण तिचा तो दोनदा झालाय म्हणजे प्रश्नच नाही.

तर घेऊन द्या. देण्याआधी तिला मिचिको, मासाको आणि माको या तिघींबद्दल जेवताना वगैरे सहज सांगा, अभ्यास म्हणून नको. आणि तुम्ही स्वतः वाचाल तेव्हा हानाको जिथे जिथे खोलीत येते त्या पानांवर पेन्सिलीने खूण करत जा, मी तसंच केलं होतं, आणि मग फक्त तेवढीच पानं सलग वाचून बघा. लेकीचं वाचून झालं की ती आधी एरिकूबद्दल बोलते की हानाकोबद्दल, ते मला नक्की कळवा.